बसऱ्याची फुलदाणी

भिंगार,
९ जानेवारी २०२५

सायमनदादा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नाहीस असं धरून लिहिते. पत्ता जास्मिननं दिला. लेकीवर रागावू नकोस, मी दोन महिने तिच्या मागे लागले होते. फोन तू उचलत नाहीस. उचलला असतास तरी नऊ वर्षांनी पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मला सुचलं नसतं.

काम आहे म्हणून लिहितेय. येत्या एप्रिलात आपल्या चर्चला सव्वाशे वर्षं पूर्ण होतात. कमिटीनं ठरवलंय की वेदीजवळची आजोबांची पितळी फुलदाणी काचेच्या पेटीत ठेवायची आणि शेजारी संगमरवरी पाटी लावायची. मजकूर माझ्याकडे आला, कारण मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि शिवाय याकोबची नात. मी लिहून दिलं : ‘वीर सैनिक याकोब भिंगारदिवे यांनी पहिल्या महायुद्धात, बसऱ्याच्या रणांगणावर, तोफगोळ्याच्या नळकांड्यातून घडवलेली फुलदाणी. सन १९१७.’ वाचून कमिटीचे अध्यक्ष अमृतराव म्हणाले, “बाई, अंगावर काटा आला.”

पाटी कोरायला टाकायची त्याच्या आदल्या दिवशी दिशा आली. पुण्याची मुलगी आहे, तिशीची. लढाईच्या काळात माणसांनी गोळ्यांपासून, नळकांड्यांपासून ज्या वस्तू बनवल्या त्यांचा ती अभ्यास करते. गावोगाव फिरते, लोकांच्या फडताळांतून राखदाण्या नि फुलदाण्या बाहेर काढते. अशा कामाला ‘खंदकातली कला’ म्हणतात म्हणे, पण ती सांगत होती की नाव फसवं आहे. खंदकात बसून फारच थोडं घडलं. बरंचसं मागच्या छावण्यांत, दवाखान्यांत, कैद्यांच्या कोठड्यांत आणि लढाई संपल्यावर बाजारातसुद्धा.

तिनं फुलं काढली, पाणी ओतून दिलं, आणि फुलदाणी मांडीवर उलटी घेतली. बुडाला ती काळी राळ होती ना, चिंच आणि राख लावून तू घासायचास तेव्हाही आपण तिला हात लावला नाही, ती दिशानं कापसाला कसलंसं औषध लावून हळूहळू सोडवली. अर्धा तास गेला. खालून आकडे निघाले. पंचवीस, मग दोन अक्षरं, एक बाण, आणि स्वच्छ १९४२.

“तुमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धातही होते का?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “छे. एकोणीस साली परत आले ते कायमचे.”

ती म्हणाली, “मॅडम, सतरा साली हे नळकांडं जगात नव्हतं. ज्या तोफेचं हे आहे ती तोफसुद्धा नव्हती.”

चर्चमध्ये आम्ही दोघीच होतो, तरी मला वाटलं, सगळ्या बाकांवर माणसं बसलीत आणि त्यांनी ऐकलं.

पुढच्या बाजूला ‘बसरा १९१७’ कोरलेलं आहेच, ते खोटं कसं म्हणायचं? आजोबा गेले तेव्हा मी चार वर्षांची, तू नऊ वर्षांचा. तुला त्यांची आठवण आहे, मला नाही. फुलदाणी घरात कधी आली, कुणी आणली, काही ऐकलंयस का? बाकीचं सगळं राहू दे. एवढंच कळव.

हन्ना


भिंगार,
२ फेब्रुवारी २०२५

सायमनदादा,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं, पण पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकू येते अजून.

अमृतरावांना मी सांगितलं, पाटी जरा थांबवा, एका शब्दाची शंका आहे. त्यांना वाटलं, व्याकरणाची.

मधल्या काळात मी दिशाबरोबर नगरला तांबटांच्या गल्लीत जाऊन आले. ती म्हणाली, शिक्क्यानं नळकांड्याचं वय सांगितलं, आता त्यावरचं काम कुणाचं ते हातोडीवाल्याला विचारायचं. गल्लीत आता हातोड्या फारशा वाजत नाहीत. स्टीलची दुकानं झालीत. एका दुकानाच्या मागं गोरक्ष नावाचे म्हातारे बसले होते, ऐंशीच्या घरातले. मुलगा दुकान बघतो, हे जुन्या घागरींना पोचे काढून देतात. ते तांबट, त्यांचे वडीलही तांबट.

मी फुलदाणी फडक्यातून काढली. त्यांनी चष्मा न लावता आधी अंगठा फिरवला, खालून वर, पार काठापर्यंत.

“आत राळ भरून वरनं ठोकलंय,” ते म्हणाले. “आमच्या गल्लीचं काम हाय हे.”

मी म्हटलं, “बसऱ्याचं आहे असं आम्ही ऐकत आलो. ही बघा खजुराची झाडं.”

“खजूर कुठली? शिंदी हाय ती. मडकं बांधलंय न्हवं वर?”

दादा, आपण लहानपणापासून त्याला खजुराचा घड समजत होतो. वेदीच्या शेजारी गेली नऊ वर्षं ताडीचं मडकं आहे! दिशाला हसू आवरेना. मलाही आलं, पण त्यांच्या पुढच्या वाक्यानं ते थांबलं.

“करनारा डावखुरा हुता. ठसं बघा, समदं उजवीकडं कललंय. आमचं उलट असतंय. आन् छिन्नी धरायचा हात धड नव्हता त्याचा. खालची पानं बघा कशी वाकडी. लई चुकलाय गडी. मधी जरा सुधारलाय. आन् ही काठाची वेल,” त्यांनी अंगठा तिथंच ठेवला, “ही माज्या बालासुदिक जमली नसती.”

मग त्यांनी फुलदाणी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. “तुमी थोट्या याकोबाच्या कोन?”

“नात,” मी म्हटलं. त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

“माजा बा सांगायचा. दुसऱ्या लढाईत गोळाबारीची रिकामी नळकांडी लिलावात निघायची, गाड्या भरभरून गल्लीत यायची. घागरी, हंडे, समदं त्याचंच व्हायचं. गाडी ओढायला एक गडी असायचा, किरिस्ताव. उजव्या हाताला दोनच बोटं. गाडी रिकामी झाली की बाकीचे जायचे, ह्यो न्हाई जायचा. बसून बघायचा. एक दिस म्हनला, मला शिकवता का? बा हसला. म्हनला, आरं, तुला हात कुठाय? तर म्हनला, हाय की. डावा.”

वर्षभर ते तिथं येत होते म्हणे. पहिले सहा महिने नुसते ठोके, एका फुटक्या परातीवर. मग ही फुलदाणी.

आजोबा हातगाडी ओढायचे हे आपल्याला माहीत होतं. बोटं गुऱ्हाळाच्या चरकात गेली, लढाईहून आल्यानंतर, असं बाबा सांगायचे. बाबा तेव्हा राहुरीला बोर्डिंगात, बारा-तेरा वर्षांचे. सुट्टीत घरी आले तर फळीवर फुलदाणी. त्यांना आजोबांनी काय सांगितलं असेल, कोण जाणे.

एक गोष्ट मात्र तूच सांगू शकतोस. आपल्याकडच्या एकुलत्या एका फोटोत आजोबांचा उजवा हात कोटाच्या खिशात आहे. ते कोणत्या हातानं जेवायचे?

बाबांच्या मातीच्या दिवशी मी तुला जे बोलले ते या पत्रात लिहीत नाही. तुला पाठ असेल.

हन्ना


भिंगार,
२१ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं कार्ड काल आलं. दोन ओळी. ‘डाव्या हातानं. भाकरी उजव्या मनगटाखाली दाबून धरायचे आणि डाव्यानं तोडायचे.’ खाली सहीसुद्धा नाही. मी ते शाळेच्या जुन्या कंपासपेटीत ठेवलंय आणि दिवसातून दोनदा काढून वाचते. भाकरी कशी तोडायचे हे फक्त तूच लक्षात ठेवलं असतंस.

गोरक्षमामांना जाऊन वाचून दाखवलं. ते म्हणाले, “मग? मी काय वेगळं सांगितलं?”

आता पुढचं. ते वाचताना तू बसून घे.

दिशा म्हणाली, बोटं चरकात गेली असं तोंडी सांगणं आहे, कुठं लिहिलेलं आहे का बघू. लढाईचे कागद दिल्लीला नाही तर लंडनला. पण मला सुचलं, आजोबांचं लग्न आपल्याच चर्चमध्ये लागलं, १९२० साली. जुनी रजिस्टरं पाळकांच्या कपाटात कापडात बांधलेली आहेत. बांधणी सुटली, पानं कडक झालीत, पण शाई टिकली. त्या वेळच्या पाळकांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय :

‘वर याकोब भाऊराव, वय २४. हमाल-पलटणीतून बसऱ्यास गेला होता. तेथे सन १९१७ त गोदीवर पेटी पडून उजव्या हाताची तीन बोटे गेली. सही डाव्या हाताने, माझ्यासमोर.’

खाली सही आहे. पहिलीतल्या पोरासारखी. ‘याकोब’मधला ब उलटा.

म्हणजे आजोबा लढले नाहीत, दादा. बंदूक त्यांच्या हातात कधी आली नाही. जहाजातून पेट्या उतरवायला नेलेल्या माणसांतले ते एक. बोटं तिथं गेली, आणि ते घरी येऊन चरकात गेली म्हणाले. फुलदाणी इथं केली, आणि ती तिथली म्हणाले. दोन्ही गोष्टींची त्यांनी अदलाबदल केली. का, ते त्यांनाच माहीत. मला एवढंच वाटतं की जिथं हात गेला त्या जागेचं आणि त्या सालाचं नाव त्यांना कुठंतरी लिहायचं होतं, आणि ते लिहिण्याइतका दुसरा हात तयार व्हायला पंचवीस वर्षं लागली. दिशा म्हणते, तिनं पाहिलेल्या शेकडो वस्तूंत अशी एकही नाही. मी विचारलं, मग ही नकली ठरते का? ती म्हणाली, “नकली कशी? बसरा १९१७ हे कुठं बनवलं ते नाही, काय झालं ते आहे.”

आता मला लिहायलाच हवं.

बाबांच्या मातीच्या दिवशी, अंगणात, वीसेक माणसांसमोर, तू फुलदाणी हातात घेतलीस आणि म्हणालास, ही मी जबलपूरला माझ्या घरी नेतो. आणि मी म्हणाले, “आजोबा लढले. तू बावीस वर्षं लष्करात कढया घासल्यास. ती लढणाऱ्याची आहे, खाली ठेव.”

तू खाली ठेवलीस. तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेलाही थांबला नाहीस.

मी अकरा महिने एकटीनं बाबांचं सगळं केलं होतं. तू दोनदा आलास, चार-चार दिवस. मी दमले होते, चिडले होते. पण दमलेल्या माणसाच्या तोंडून इतका नेमका घाव निघत नाही. मला ठाऊक होतं तुला कुठं दुखतं. बाबा आयुष्यभर लोकांना सांगत राहिले की माझा मुलगा तोफखान्यात आहे, आणि तू सुट्टीवर आलास की मान खाली घालून ऐकायचास. तू स्वयंपाकी आहेस हे तू फक्त मला सांगितलं होतंस.

आणि दुसरं. फुलदाणी चर्चला द्यावी अशी बाबांची इच्छा होती, असं मी सर्वांना सांगितलं. बाबा असं कधीच म्हणाले नव्हते. फुलदाणीचं नावही त्यांनी शेवटच्या दिवसांत घेतलं नाही. तू परत येऊन मागशील म्हणून मी ती तिथं नेऊन ठेवली.

ज्या लढणाऱ्याचं नाव घेऊन मी तुला खाली पाहायला लावलं, तो पेट्या उचलत होता.

माफी माग असं मला कुणी सांगितलेलं नाही. मीच मागतेय.

हन्ना


भिंगार,
१८ मार्च २०२५

दादा,

तुझं उत्तर नाही. जास्मिनचा मेसेज आला : ‘आत्या, पप्पांनी पत्र मला मोठ्यानं वाचायला लावलं. नंतर पुन्हा एकदा. मग बाजारात गेले आणि चार किलो कांदे घेऊन आले.’ याचा अर्थ मी काय लावू?

इथं काल कमिटीची मीटिंग झाली. मी रजिस्टर, तुझं कार्ड, गोरक्षमामांचं म्हणणं, सगळं मांडलं. पहिलं भांडण शिंदीच्या मडक्यावरून. एकीनं सुचवलं, ती बाजू भिंतीकडं करून ठेवू या. मग अमृतराव बोलले.

“बाई, बुडाला परत डांबर लावा. कोण उलटी करून बघणार आहे?”

मी म्हटलं, “मी बघितलीय ना.”

ते चिडले नाहीत, दादा. चिडले असते तर सोपं गेलं असतं. ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. “हे बघा, माझ्या आजोबांनी मेलेली जनावरं ओढली. वडिलांनी पोती उचलली. आमच्या पोरांना दाखवायला आपल्या सबंध वस्तीत एकच माणूस होता, गणवेशातला. तुमचा याकोब. आता तिथंही हमाल लिहिलं तर लोक म्हणतील, ही माणसं साता समुद्रापार गेली तिथंही ओझीच उचलत होती. काय उत्तर देऊ मी त्यांना?”

मुलांना निबंध लिहायला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, आणि त्या माणसासमोर माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. घरी येताना वाटलं, त्यांचंच खरं असेल. आजोबांनी स्वतःच लपवलं होतं. ते उघडं करणारी मी कोण?

म्हणून तुला विचारतेय. तू थोरला आहेस. तू त्यांच्या ताटाशेजारी जेवलायस. तू म्हणशील ‘सैनिक’, तर मी सैनिक लिहीन आणि आयुष्यात पुन्हा तोंड उघडणार नाही. तू म्हणशील ‘हमाल’, तर तेच कोरलं जाईल, मग कमिटीत माझं कुणी ऐको न ऐको. आणि तू म्हणालास की फुलदाणी मला दे, तर मी ती फडक्यात बांधून रेल्वेनं स्वतः जबलपूरला आणून देईन. तेवढा तुझा हक्क आहे.

पाटीवाला पंधरा एप्रिलपर्यंत थांबायला तयार आहे. सोहळा सत्तावीसला आहे.

हन्ना


भिंगार,
५ एप्रिल २०२५

दादा,

तुझं पत्र मी जसंच्या तसं कमिटीत वाचून दाखवलं. छोटंच होतं, पण वाचायला मला वेळ लागला.

‘अमृतरावांना सांग : एका लढणाऱ्या माणसामागं पेटी उतरवणारा, खेचर हाकणारा, भाकरी भाजणारा असे कितीतरी लागतात. मी मोजलेत. लोक विचारतील ओझी उचलली का, तर म्हणावं, हो, उचलली, आणि आम्ही ती खाली ठेवली असती तर तुमची पलटण उपाशी मेली असती. लिहा हमाल. मोठ्या अक्षरात. फुलदाणी आहे तिथंच राहू दे. मी सव्वीसला सकाळी पोचतो. सत्तावीसला जेवायला किती माणसं आहेत?’

अमृतरावांनी पत्र मागून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. मग खिशातून पेन काढून त्यांनी माझ्या मजकुरातले ‘वीर सैनिक’ हे दोन शब्द खोडले.

चारशे माणसं आहेत. आचारी सांगितला होता, त्याला नको म्हणून कळवलंय. मोठी भगोणी अमृतरावांच्या भावाकडून आणतोय. कांदे आणू नकोस, इथं मिळतात.

हन्ना


भिंगार,
६ मे २०२५

दादा,

तू पोचल्याचं जास्मिननं कळवलं. आता फोन उचलतोस, तरी हे पत्रातच लिहिते. समोर आपण दोघं स्वयंपाकाचंच बोलत राहिलो. तीन दिवसांत मीठ, मसाला, सरपण. अंगणातल्या त्या दिवसाचं तूही काढलं नाहीस आणि मीही नाही. जाताना रिक्षात बसताना तू म्हणालास, “बाबांचं तू एकटीनं केलंस. मला यायला पाहिजे होतं.” आणि रिक्षा सुटली. मला बोलायची संधीच दिली नाहीस.

पाटीवरचा पडदा काढला तेव्हा तू पुढं होतास, मी स्त्रियांच्या मागच्या बाकाशी. तुला माझा चेहरा दिसला नाही. मला मात्र तुझी पाठ दिसत होती, सकाळपासून चुलीपुढं राहून घामानं भिजलेला शर्ट. अमृतरावांनी मजकूर वाचला. ‘हमाल याकोब भाऊराव भिंगारदिवे. बसऱ्याच्या गोदीवर १९१७ साली उजव्या हाताची तीन बोटे गमावली. डाव्या हाताने काम शिकून १९४३च्या सुमारास, नगरच्या तांबटांकडे, ही फुलदाणी घडवली.’ टाळ्या पडल्या नाहीत. लोकांना कळेना, टाळ्या वाजवायच्या की मान खाली घालायची.

मग तू उठलास. हे ठरलेलं नव्हतं. टॉवेलला हात पुसलेस आणि बोललास.

“मी सायमन. ह्यांचा नातू. बावीस वर्षं लष्करात होतो. आमचे बाबा तुम्हाला तोफखाना सांगायचे. मी स्वयंपाकी होतो. बर्फात, वाळूत, जिथं पाठवतील तिथं. माझ्या हातचं जेवून पोरं वर जायची. काही परत आली नाहीत. त्यांनी शेवटचं गरम जेवण कुणाच्या हातचं खाल्लं, ते कुठं कोरलेलं नाही. मला माहीत आहे. एवढंच. वरण गार होईल, चला.”

मी काय केलं ते तुला सांगायचंय. मी शेजारच्या बाईचा हात इतका घट्ट धरला की तिची बांगडी वाढवली. सबंध आयुष्यात मी तुला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. बाबांनी हे ऐकायला हवं होतं असं वाटलं, आणि लगेच वाटलं, बाबा असते तर तू बोलला नसतास. आणि मी तुला कढया घासणारा म्हटलं होतं, ते आठवलं. पण ते आठवणं पूर्वीसारखं नव्हतं. पूर्वी ते आठवलं की मी दुसऱ्या कामाला लागायची. या वेळी मी तिथंच उभी राहिले.

गोरक्षमामा मुलाच्या गाडीवरून आले होते. तुझ्या हातचं खाऊन ते मला म्हणाले, “ह्येचा हात बसलाय.” त्यांच्याकडून याहून मोठी पदवी मिळत नाही.

तू गेल्यावर जे झालं त्याची तुला कल्पना नाही. गेल्या मंगळवारी अमृतराव आले, हातात पिशवी. आतून एक पितळी मग काढला, कडी वाकलेली. त्यांच्या चुलत्याच्या माळ्यावर होता. म्हणाले, “शिक्का असेल का बघा. पण जे निघेल तेच सांगा, बाई.” परवा माझ्याबरोबर शाळेत शिकवणारी आरती तिच्या आजोबांचा पलटणीतला कागद घेऊन आली, त्यावर धोबी म्हणून नोंद आहे. दिशानं येत्या शनिवारी पुन्हा यायचं कबूल केलंय, दोन दिवस मुक्कामाला.

आणि काल दुपारी, उन्हाचं, वाळकीहून लंकाबाई आल्या. आपल्या मंडळीतल्या नव्हेत, शेतकऱ्याघरच्या, सत्तरीच्या. फुलदाणीची बातमी कुणाच्या मोबाईलवर पाहून एसटीनं एकट्या आल्या. मला वाटलं, त्यांच्याकडेही काही वस्तू असेल. मी टेबलावर फडकं अंथरलं. पण त्यांचे दोन्ही हात रिकामे होते. पाणी पिऊन झाल्यावर पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या,

“माज्याकडं दावायला काय न्हाई, बाई. वस्तू न्हाई, कागद न्हाई. माजा आजा त्या बसऱ्याला खेचरं हाकायला गेल्ता, त्यो आलाच न्हाई. घरात लाजंनं कुनी नाव घेत नव्हतं. तुमी हमाल लिवलंय म्हनून आले. नाव सांगते. लिवून घ्या.”

मी वही काढली.

तुझी,
हन्ना